लोणंदचे बिनकांद्याचे बटाटे

लोणंद म्हटलं की कांदा आठवणार, आणि ते बरोबरच आहे. पुणे-मिरज लोहमार्गावरच्या सातारा जिल्ह्यातल्या या गावात उतरलं, अन् वारा कांदाबाजाराकडचा असला, की गाव आधी नाकाला कळतं. अशा गावातला बिनकांद्याचा पदार्थ मी तुम्हांला सांगणार आहे. त्याला कारण आषाढी वारी.

आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी जेजुरी, वाल्हे करीत नीरेला येते. तिथं नदीत पादुकांना स्नान घालतात आणि पालखी लोणंदला मुक्कामी येते. पुढं तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब इथं पहिलं उभं रिंगण होतं. मुक्कामात घरोघरी वारकऱ्यांची पंगत असते.

लग्नानंतरच्या पहिल्याच वारीला आमच्याकडे बारा पानं होती. सासूबाई भाकऱ्या थापत होत्या. पिठलं झालं होतं. तोंडी लावायला म्हणून मी हौसेनं कांद्याची पात अन् लसूण घालून बटाटे परतले. सगळ्यांनी मागून घेतले. एक आजी तेवढ्या मीठ-भाकरी खात होत्या. मी आग्रह करायला गेले, तर हळूच म्हणाल्या, "कांदा-लसूण सोडलाय गं पोरी. वाईट वाटून घेऊ नकोस, भाकरी लई मऊ झालीय."

पिठल्यातही लसूण होताच! वाल्ह्याहून चालत आलेली बाई माझ्या दारातून मीठ-भाकरीवर उठली. रात्री सासूबाई एवढंच म्हणाल्या, "वाढायच्या आधी विचारावं." दुसऱ्या वर्षी परसातली पानं खुडून त्यांनीच मला हे बटाटे शिकवले.

अर्धा किलो लहान बटाटे घ्या, चौघांना पुरतात. फ्रीजमधले घेऊ नका. गारठ्यात बटाट्यातल्या पिष्टाची साखर होते आणि भाजताना ते लवकर काळे पडतात. सालासकट स्वच्छ धुऊन मिठाच्या पाण्यात उकडा. सुरी आत जावी, पण बटाटा फुटू नये. निथळून, दोन-दोन फोडी करून फडक्यावर अगदी कोरड्या होऊ द्या. ओल राहिली तर फोडी वाफवतात, खरपूस होत नाहीत.

लोखंडी तव्यावर तीन चमचे तेल तापवून फोडी कापलेल्या बाजूनं पालथ्या, सुट्या सुट्या मांडा. मध्यम आंचेवर पाच-सात मिनिटं हलवू नका. तांबूस झाल्या की उलटा. मग बाजूला सारून मधल्या तेलात जिरे, दोन मिरच्या, कढीपत्ता आणि पानओव्याची चार पानं चिरून टाका, अन् सगळं एकत्र परता. गॅस बंद केल्यावरच मूठभर कोथिंबीर, थोडा पुदिना आणि लिंबू घाला. नाजूक पानं आंचेवर करपून कडू होतात.

त्या आजी पुन्हा आमच्या पंगतीला आल्या नाहीत. दिंडीतल्या बायकांना विचारलं, पण नाव तरी मी कुठं विचारून ठेवलं होतं? आता मात्र पानं मांडतानाच विचारते, आणि हे बटाटे आधी करून ठेवते. कांदा लागतोच अशांसाठी तो चिरून वेगळ्या ताटलीत ठेवते. लोणंदचं घर आहे, तो नाही कसा म्हणायचा!