डबे: रुळांवरचे आणि घरातले

मराठीत ‘डबा’ हा शब्द मोठा सोशिक आहे. शाळेत नेतो तो डबा, आगगाडीला जोडतात तो डबा, आणि टीव्हीजवळ बसून लाल-हिरवा डोळा मिचकावतो तोही डबाच. त्याचे कागदोपत्री नाव ‘सेट टॉप बॉक्स’. पण हल्लीच्या चपट्या टीव्हीला डोकेच उरले नसल्याने तो बिचारा खाली बसतो. माझे वडील रेल्वेत ट्रॅकमन आहेत. त्यामुळे यांतल्या शेवटच्या दोन डब्यांशी आमचा जवळचा संबंध, आणि दोघांच्या स्वभावांत किती अंतर आहे हे मला घरबसल्या पाहायला मिळाले.

दरेकसा हे मुंबई-हावडा मार्गावरचे डोंगरातले छोटे स्टेशन. पुढचे बोरतलाव आले की छत्तीसगड सुरू. हाजरा धबधबा पाहायला येणारे आणि माघी पौर्णिमेला कचारगडच्या गुहेकडे जाणारे गोंड भाविक सोडले, तर फारसे कुणी इथे उतरत नाही. मालगाड्या मात्र दिवसरात्र धावतात. एकाच गाडीत निरनिराळ्या रेल्वे झोनांची नावे लिहिलेल्या वाघिणी असतात. कपलिंग सारखे, ब्रेकची नळी सारखी, रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर. सगळ्या मुकाट्याने एकामागून एक बोगद्यात शिरतात. हे काही आपोआप घडलेले नाही. १८८० च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे गेलेली पहिली लाइन मीटर गेज होती. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने ती घेऊन रुंद केली. गोंदियाहून जबलपूरला जाणारी सातपुड्यातली ‘छोटी लाइन’ तर अवघी अडीच फुटी. तिचा माल गोंदियाला उतरवायचा आणि मोठ्या लाइनच्या वाघिणीत पुन्हा भरायचा! आता तीही रुंद झाली आहे. त्याला शंभरावर वर्षे लागली, ही गोष्ट वेगळी.

घरातल्या डब्याला मात्र असे शहाणपण अजून आलेले नाही.

आम्ही गोंदियाला होतो तेव्हा केबलची तार सरळ टीव्हीच्या पाठीत खोचली की काम होई. टीव्ही कोणता, हे तारेने कधी विचारले नाही. मग डिसेंबर २०११ मध्ये केबलच्या कायद्यात दुरुस्ती झाली, मुंबई-दिल्लीपासून टप्प्याटप्प्याने प्रक्षेपण डिजिटल होत गेले, आणि शेवटच्या टप्प्याची मुदत मार्च २०१७ मध्ये संपली. चित्र स्वच्छ झाले, हे मान्य केलेच पाहिजे. आम्हीही पैसे मोजून डबा घेतला. वर्षही झाले नाही तोच बाबांची बदली डोंगरगडला झाली. आईने तो डबा जुन्या लुगड्यात गुंडाळून, काचेचे सामान न्यावे तसा नेला. तिथल्या केबलवाल्याने तो उलटापालटा करून पाहिला आणि परत दिला. “ये नहीं चलेगा जी, दूसरी कंपनी का है.” दुसरा डबा घेतला. २०१९ साली दरेकशाला आलो, तर केबलची तार आमच्या क्वार्टरपर्यंत पोचलेलीच नव्हती. दुसरा डबाही पहिल्याच्या शेजारी फळीवर जाऊन बसला.

असे का व्हावे, हे मी थोडे वाचून आणि थोडे दुरुस्तीवाल्या काकांना विचारून समजून घेतले. संदेश पाठवण्याची मूळ पद्धत सगळ्यांची बहुधा एकच असते; केबलला डीव्हीबी-सी, छत्रीला डीव्हीबी-एस. त्यावर प्रत्येक कंपनी आपले कुलूप घालते, पैसे भरणाऱ्यालाच दिसावे म्हणून. याबद्दल माझी तक्रार नाही. तिकीट सर्वांनीच काढावे. पण त्या कुलपाची किल्ली डब्याशी जखडलेली असते. कुणाची कार्डात, कुणाची थेट चिपमध्ये. शिवाय एकाचा डबा जुन्या एमपेग-२ चा, तर दुसऱ्याचे प्रक्षेपण एमपेग-४ चे. म्हणजे नवे तिकीट हवे असेल तर प्रवाशाने गाडीचा डबाही विकत घ्यायचा! मोबाइलचे सिम बदलताना कुणी फोन फेकून देत नाही.

गंमत अशी की कागदावर हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. मार्च २००१ च्या डीटीएच मार्गदर्शक तत्त्वांतच एका कंपनीचा डबा दुसरीच्या सेवेला चालावा, अशी अट होती. एप्रिल २०२० मध्ये ट्रायने पुन्हा शिफारस केली, की केबलचा डबा कोणत्याही केबलला आणि छत्रीचा कोणत्याही छत्रीला चालावा, आणि टीव्हीलाच एक खाच असावी, जिच्यात कंपनीची किल्ली खोचता येईल. अमेरिकेने हा प्रयोग आधी करून पाहिला. तिथल्या १९९६ च्या कायद्यातून पुढे ‘केबलकार्ड’ निघाले. ते घातले की बाजारातून घेतलेल्या यंत्रावर केबल दिसे. २०२० साली तिथल्या आयोगाने कंपन्यांवरचे ते बंधनही काढून टाकले.

ट्रायची शिफारस निघाली तेव्हा देशात टाळेबंदी होती. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. माझी धाकटी बहीण चौथीत होती. पहिली-दुसरी डोंगरगडच्या हिंदी शाळेत गेल्यामुळे तिचे मराठी वाचन कच्चे. शाळा बंद, आणि डोंगरात मोबाइलची रेंज अशी की धडा उघडावा तर नुसते चाक फिरत राही. घरात टीव्ही होता, दोन डबे होते, छपरावर आधीच्या रहिवाशाने सोडलेली छत्री होती. दिसत मात्र काहीच नव्हते. आई तिला शेजारी पाठवू लागली. तीन-चार दिवसांनी त्यांचे दार अर्धेच उघडू लागले. त्या दिवसांत त्यांना तरी दोष कसा द्यावा? ही उंबऱ्याबाहेर वही घेऊन उभी राही आणि नुसते ऐके.

शेवटी काका आले. “छत्रीले कंपनी नसते जी, फिरवली का झालं,” म्हणत त्यांनी तिचे तोंड आग्नेयेकडे, जीसॅट-१५ उपग्रहाकडे वळवले. उपग्रह आकाशात इतका उंच, की आमचे डोंगर आड येत नाहीत. डीडी फ्री डिशचा साधा डबा जोडला. त्या प्रक्षेपणाला कुलूपच नव्हते. छत्री जुनी, तार जुनी, टीव्ही तोच. अर्ध्या तासात सह्याद्री लागली. बहिणीने तेव्हापासून एकही दिवस चुकवला नाही. मधली दोन वर्षे तिने कशी भरून काढली ते मी पाहिले आहे. आज ती माझ्या लेखातली शुद्धलेखने काढते!

डिसेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने उपग्रहाचा ट्यूनर आतच बसवलेल्या टीव्हीचे मानक जाहीर केले. त्यावर फुकटच्या वाहिन्या डब्याशिवाय दिसाव्यात. तसला टीव्ही आमच्याकडे नाही. बाबांच्या बदलीची पुन्हा चर्चा आहे, म्हणून आईने परवा फळी आवरली आणि ते दोन डबे भंगारवाल्यापुढे ठेवले. त्याने त्यांच्या तारा तेवढ्या घेतल्या. डबे नको म्हणाला.