जिमी वेल्स गेला कुठे?

आमच्या पिढीतल्या भावंडांची भांडणं दोनच गोष्टींवरून व्हायची: आंब्याची कोय कुणाला, आणि इंद्रजाल आधी कोण वाचणार. मार्च १९६४मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं तेव्हा पहिले ३२ अंक नुसता वेताळ, म्हणजे मूळचा ‘फँटम’. मग काय, खोडरबरावर ब्लेडने वेताळाच्या अंगठीतली कवटी कोरायची, शाईत बुडवायची आणि धाकट्याच्या हनुवटीवर ठसा! शाळेला निघताना आई ओल्या टॉवेलाच्या टोकाने खसाखसा पुसायची. वेताळाचा ठसा कधी जात नाही म्हणे, आमचा जायचा.

चारशे वर्षांचं घराणं, एकविसावा वेताळ, कवटीवर हात ठेवून घेतलेली शपथ, हे सगळं पहिल्या दिवसापासून ठरलेलंच असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. कसलं काय! ली फॉकची वेताळाची चित्रपट्टी अमेरिकी वर्तमानपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ला सुरू झाली, तेव्हा तिच्यात जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, आळशी, डायनावर, म्हणजे वेताळाच्या प्रेयसीवर, भाळलेला तरुण होता. दिवसा रिकामटेकडा, रात्री मुखवटेवाला वीर, असा फॉकचा बेत. पण गुपित फोडण्याआधीच फॉकचं मन बदललं. जंगल आलं, घराणं आलं, आणि बिचाऱ्या जिमीचा पत्ता कट झाला. रोज छापून जाणाऱ्या गोष्टीत मागचं खोडता येत नाही, म्हणून फॉकची ती धांदल आजही वाचायला मिळते. नंतरच्या घोटीव कथांपेक्षा मला तीच जास्त आवडते.

पोशाखाचंही तेच. फॉकच्या मनात राखाडी रंग होता. १९३९मध्ये रविवारची रंगीत पट्टी आली आणि छपाईत तो जांभळा झाला. आमच्याकडे सुरुवातीला निळा, मग जांभळा. रे मूरची काळोखी चित्रं, विल्सन मॅकॉयची साधी रेघ, साय बॅरीचे पिळदार दंड, या चित्रकारांपैकी एकाचंही नाव घरात कुणाला ठाऊक नव्हतं. ‘जुना वेताळ’ आणि ‘नवा वेताळ’ एवढंच. तरी त्यावरून तट पडले होते.

मूळ पट्टीतले समुद्री चाचे ‘सिंग’ टोळीचे आणि वेताळाच्या मुलखाचं नाव बंगालशी मिळतंजुळतं. इथे ते चालण्यासारखं नव्हतं. इंद्रजालने ‘सिंगा’ केलं आणि मुलखाला देंकाली म्हटलं. पुढे फॉकनेही तो मुलूख आफ्रिकेत नेऊन ठेवला. आम्ही मात्र शाळेच्या नकाशात देंकाली शोधत बसलेलो.

डायनाशी लग्न व्हायला १९७७ उजाडलं. ती गोष्ट इंद्रजालमध्ये आली तोवर, जिने हे अंक घरात आणले ती धाकटी मावशी दोन मुलांची आई झाली होती. तरी अंक आधी तिलाच हवा होता, आणि तिने तो कुणाला दिलाही नाही.