खाडीकडची खिडकी

ठाणे स्टेशनच्या सॅटिस पुलावरून भाईंदरची बस धरावी आणि जमलं तर ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी पकडावी. डावीकडे येऊरचे डोंगर येतात, तेही देखणेच, पावसाळ्यात तर अंगावर धबधब्यांच्या पांढऱ्या रेघा ओढलेले. पण खाडी उजवीकडे असते, आणि घोडबंदर रोड माझ्या मनात आधी खाडीचा आहे, मग उरलेल्या सगळ्यांचा.

माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा. इथवर पाण्याचा मागमूस नसतो. रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब, दोन्ही अंगांना मान वर करून पाहाव्यात अशा इमारती, त्यांच्या पायथ्याशी थांब्यावर ताटकळलेली माणसं, ड्रायव्हरशेजारी चौथी सीट भरलेल्या शेअर रिक्षा, आणि न्हावाशेव्याहून गुजरातकडे निघालेले अजस्र कंटेनर. ‘पुढे सरका, पुढे सरका,’ कंडक्टर म्हणत राहतो आणि माणसं खरंच सरकतात, दमलेली असूनही एकमेकांच्या श्वासात जागा करून देतात. बसमधला हा सरकण्याचा चांगुलपणा मला दर वेळी हलवून जातो.

कासारवडवली मागे पडते, ओवळा येतं, आणि हवेत काहीतरी बदलतं. डोळ्यांना अजून काही दिसलेलं नसतं. आधी नाकाला कळतं. खारट म्हणता येणार नाही आणि कुजकट म्हणवत नाही असा वास, ओल्या चिखलाचा, तिवरांच्या मुळांचा, डोंगरावरून आलेलं गोडं पाणी आणि समुद्राकडून आलेलं खारं पाणी यांनी मिळून केलेला. काचा बंद करून, एसी लावून जाणाऱ्या मोटारीत तो शिरत नाही. साध्या बसच्या उघड्या खिडकीतून मात्र तो आत येतो आणि उभ्या असलेल्यांनाही मिळतो.

आणि मग गायमुख.

डोंगर डावीकडून पुढे येतो, पाणी उजवीकडून, आणि रस्त्याला दोघांच्या मधून अंग चोरून जावं लागतं. घाटाच्या चढणीवर अवजड गाड्या धापा टाकतात, कोंडी होते, इंजिनं बंद होतात, कुणीतरी घरी फोन करून ‘जेवून घ्या’ म्हणतं. अशाच एका कोंडीत मी खाडीचं पाणी उतरताना पाहिलं. बस जागची हलत नव्हती आणि समोर एवढं थोरलं पाणी, कुणालाही न ढकलता, समुद्राकडे निघालं होतं. त्या दिवशी मी तिथेच उतरलो आणि चौपाटीच्या कठड्याशी जाऊन उभा राहिलो. ओहोटीने चिखल उघडा पडला होता. त्यावर निवट्या उड्या मारत होत्या, डोळे डोक्यावर घेतलेल्या, बोटभर लांबीच्या, चिखलाइतक्याच चिखली; एक पर उचलून थांबली, उन्हात तिचं ओलं अंग चांदीसारखं लकाकलं आणि ती बिळात गेली. पलीकडच्या काठावर नागल्याचं रान उभं होतं. मागे रस्त्यावर हॉर्न वाजतच होते. मला ते ऐकू येत होते, पण लांबून, दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यातून आल्यासारखे.

घोडबंदरचा किल्ला याच पाण्याकडे तोंड करून बसला आहे. पोर्तुगीजांनी बांधलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला. दोन वर्षांनी, १७३९ मध्ये, खाडीच्या मुखाशी वसईही पडली. त्या काळी इथली खरी वाट पाण्याची होती. गलबतं भरतीबरोबर वर यायची, ओहोटीबरोबर खाली जायची, आणि प्रवासाची वेळ ठरवायचा तो चंद्र.

आता डोंगराच्या पोटातून ठाणे–बोरिवली बोगदा खोदायचं काम हाती घेतलं आहे, जोडरस्ते धरून सुमारे बारा किलोमीटरांचा. डोक्यावरून मेट्रो गायमुखापर्यंत न्यायची आहे. ते व्हायलाच हवं. या रस्त्यावर रुग्णवाहिका अडकलेली ज्याने पाहिली आहे, तो याला नाही म्हणणार नाही. फक्त मला वाटतं, कामावरून परतणाऱ्या माणसाला दिवसातून एकदा तरी पाणी दिसावं. निदान मेट्रोच्या डब्याला खाडीकडे मोठ्या काचा असाव्यात, आणि कुणीतरी लहान मूल त्यांना नाक चिकटवून उभं असावं.

फाउंटन हॉटेलच्या नाक्यावर वाटा फुटतात. उजवीकडे वर्सोव्याच्या पुलावरून वसई, डावीकडे दहिसर, आणि त्याच वाटेने पुढे आमची बस भाईंदरकडे. भाईंदर पश्चिमेला पुन्हा निवड करायची. उत्तनची बस धरली तर रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या कोळणींशेजारी जागा मिळते, आणि गाव जवळ आल्याचं सांगायला वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास पुरतो. पण हल्ली माझे पाय जेट्टीकडे वळतात. २०२४ च्या फेब्रुवारीत भाईंदर–वसई रोरो बोट सुरू झाली, आणि रस्त्याने अडतीस-चाळीस किलोमीटरांचा वळसा घालावा लागे तिथे काही मिनिटांची खाडी उरली.

रिक्षा, मोटारसायकली, सायकल धरून उभा पोरगा, भाजीच्या पिशव्या, सगळे एका सपाट लोखंडी पाटावर. फळी उचलली जाते, बोट थरथरते, आणि गायमुखापासून नुसतं बाजूने चालत आलेलं पाणी पहिल्यांदाच पायाखाली येतं. मागे रेल्वेचा पूल, त्यावरून विरारकडे धावणारी लोकल, दारांत लटकलेली माणसं. पुढे रुंदावत गेलेला उजेड. शेजारच्या आजींनी माझ्याकडे पाहून विचारलं, ‘पहिल्यांदाच का?’

‘नाही,’ म्हटलं, ‘ठाण्याहून येतो.’

‘मग घोडबंदरने आला असाल,’ त्या म्हणाल्या, आणि पिशवीतलं एक केळं काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. ‘खा. वसई येतेच आहे.’