गोंदण आणि सुजलेला हात

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, मारेगाव, झरी जामणी या भागात वयस्क स्त्रीचा हात पाहावा, तर त्यावर बहुधा गोंदण दिसते. गोंड, परधान, कोलाम या समाजांत, तसेच पुसद-दिग्रसकडील बंजारा तांड्यांत ही रीत पूर्वापार चालत आली आहे. कुठे नुसते ठिपके, कुठे विंचू, कुठे तुळस. दिव्याची काजळी तेलात खलायची, दोन-चार सुया जुडीने बांधायच्या आणि टोचत जायचे, ही जुनी पद्धत. अलीकडे जत्रेत यंत्र घेऊन बसणारे आले आहेत. चांदी गहाण पडते, सोने मोडावे लागते, गोंदण मात्र देहाबरोबर मातीत जाते, ही त्यामागची श्रद्धा. गरिबाच्या तत्त्वज्ञानात एवढी खोल गोष्ट मला क्वचितच आढळली आहे.

आमच्या धर्मग्रामातील एका भगिनीने मिस्सानंतर मला थांबवून विचारले, “फादर, हातावर क्रूस गोंदून घेतला तं पाप लागते काय?” तिच्या डाव्या स्तनाचा कर्करोग दोन वर्षांपूर्वी नागपूरला शस्त्रक्रिया करून काढला होता. त्यानंतर औषधोपचार झाले, किरणोपचार झाले आणि ती बरी झाली. मग हळूहळू डावा हात सुजू लागला. लहानपणी मनगटावर गोंदलेले ठिपके त्या सुजेने एकमेकांपासून दूर सरकले होते. क्रूस तिला त्याच मनगटावर हवा होता.

शास्त्रार्थाचा भाग सोपा होता. लेवीयाच्या १९व्या अध्यायात अंगावर खुणा गोंदवून घेण्यास मनाई आहे, हे खरे. पण त्याच श्लोकात मृतांसाठी अंग कापून घेण्याचीही मनाई आहे. तो दंडक इस्राएलला आसपासच्या विधींपासून वेगळे ठेवण्यासाठी होता, असे आम्हांला सेमिनरीत शिकविले गेले आणि ते मला आजही पटते. उलट, देवाने आपल्या प्रजेला स्वतःच्या तळहातांवर कोरून ठेवले आहे, असे यशया संदेष्टा सांगतो. इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती लोक उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूस क्रूस गोंदवून घेतात. जेरुसलेमच्या जुन्या शहरात रझ्झूक नावाचे एक कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंना गोंदून देत आले आहे. तेव्हा पाप नाही, असे मी तिला निःशंकपणे सांगितले. पण पुढे म्हटले, “बाई, त्या हातावर मात्र नको.”

का नको, हे सांगताना तिच्या शेताची भाषा कामी आली. आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांखेरीज लसिकावाहिन्यांचे आणखी एक जाळे असते. पेशींच्या भोवती पाझरलेला द्रव गोळा करून ते तो पुन्हा रक्तात सोडते. वाटेत काखेत, मानेत, जांघेत लसिकाग्रंथी असतात. त्या सुजल्या की आपल्याकडे अवधाण आले म्हणतात. स्तनाचा कर्करोग पसरू लागला की बहुधा आधी काखेतील ग्रंथींत जातो, म्हणून शल्यचिकित्सकाला पुष्कळदा त्या काढाव्या लागतात. किरणांनीही तेथील वाहिन्या आखडतात. पाटाचे तोंड बुजले की वाफ्यात पाणी तुंबावे, तसा तो द्रव हातात तुंबतो. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेतलेल्या पाच स्त्रियांमागे साधारण एकीला हे दुखणे होते, कधी लगेच, तर कधी काही वर्षांनी.

खेड्यात त्याला हत्तीरोग समजतात. विदर्भात हत्तीरोग आहेच. तो डासांमुळे पसरणाऱ्या कृमीने होतो. वाट तुंबणे दोहोंत सारखे, कारण अगदी वेगळे. पण शेजाऱ्यांना हा भेद कोण समजावणार? आमच्या या भगिनीबरोबर पाणी भरायला येणाऱ्या दोघींनी येणे सोडले होते.

तुंबलेल्या हाताचा खरा शत्रू म्हणजे जंतू. जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी याच वाहिन्यांतून फिरतात आणि ती वाटच बंद पडलेली असते. बोंडाच्या टोकाचा ओरखडाही मग पुरतो. हात लालभडक होतो, तापतो, थंडी वाजून ताप भरतो आणि तातडीने प्रतिजैविके सुरू केली नाहीत, तर विष रक्तात भिनू शकते. असा प्रत्येक झटका उरल्यासुरल्या वाहिन्यांना आणखी खराब करतो व सूज वाढवतो. गोंदण म्हणजे त्वचेला पडलेली शेकडो छिद्रे, आणि यंत्र असेल तर हजारो. शिवाय शाईचे कण जागच्या जागी राहत नाहीत, त्यांतले काही लसिकेबरोबर ग्रंथींपर्यंत जातात. जत्रेतील सुई एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते, त्यामुळे कावीळ ब, कावीळ क आणि एच.आय.व्ही. यांची भीती निरोगी माणसालाही असतेच. गोंदल्याने दुखणे उतरते, असे तिला कोणी तरी सांगितले होते. या हाताच्या बाबतीत त्याइतका घातक सल्ला दुसरा नाही.

बाई हुशार. तिने छातीकडे बोट दाखवून विचारले, “किरणं देताना डॉक्टरनं इथं टिपके गोंदले, ते चालते, अन्‌ मी गोंदलं तं चालत नाही?” प्रश्न रास्त होता. किरणांची जागा रोज तीच राहावी म्हणून काही रुग्णालयांत असे बारीक ठिपके देतात. पण ते चारदोन, निर्जंतुक सुईने आणि छातीवर दिलेले असतात. हाताला एखादी सुई टोचली गेल्याने पूर्वी मानत तेवढा धोका नसतो, असे अलीकडच्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. मात्र एक सुई वेगळी आणि सुजलेल्या हातावर तासभर चाललेले टोचणे वेगळे. गोंदायचेच असेल, तर दुसरा हात, नवी सुई, नवी शाई, आणि तेही डॉक्टरांना विचारून.

“उजव्या हातात तं बांगड्या हायेत, फादर,” ती म्हणाली.

तेव्हा मूळ गोष्ट कळली. सुजेमुळे डाव्या हातात बांगडी चढत नव्हती. चढली तरी रुतली असती, म्हणून डॉक्टरांनीच मनाई केली होती. नवरा धडधाकट असताना एक मनगट उघडे. लग्नाकार्यात बायका आधी हात पाहतात, मग तोंड. स्तन गेल्याचे पदराखाली झाकता आले, हे झाकता येत नव्हते. ज्या जागी काहीच टिकत नाही, तेथे कोणाला काढता येणार नाही असे काहीतरी तिला हवे होते. यावर माझ्याजवळ शास्त्रवचन नव्हते. सिसिलीतील संत अगाथाची कथा मात्र मी तिला सांगितली. छळ करणाऱ्यांनी त्या कुमारी हुतात्म्याचे स्तन कापले, असे परंपरा सांगते. ५ फेब्रुवारीला तिचा सण असतो आणि स्तनाच्या विकाराने पीडित स्त्रिया तिचा धावा करतात. ती लक्षपूर्वक ऐकत होती. मग म्हणाली, “तिचा नवरा नव्हता ना?” मला हसू आले, तिलाही आले.

पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी तिला हातावर चढवायची घट्ट लवचीक बाही दिली, हलका व्यायाम शिकविला, त्वचा रोज धुवून तेल लावायला सांगितले आणि कापूस वेचताना हात झाकण्याची ताकीद दिली. त्या बाहीवरून घालायला तिने जुन्या सुती साडीची एक सैल बाही शिवली आणि मनगटाशी लाल दोऱ्याने क्रूस भरला. वेचणीच्या हंगामात धुऊन धुऊन तो फिका पडला, तेव्हा दुसरी शिवली. तिचे पाहून तिच्या जावेनेही आपल्या धडक्या हातासाठी तशीच एक बाही मागून घेतली; बोंडे तिलाही ओरखडतातच. उजव्या हातावर गोंदायचे की नाही, हे पुढच्या तपासणीनंतर ठरवीन, असे ती म्हणते.