नळाला तार बांधा

पुस्तकात लिहिलं होतं, अर्थची तार जवळच्या पाण्याच्या नळाला बांधा. मी नि माझा मावसभाऊ एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. वस्तीत नळच नव्हता. पाणी मोसम नदीचं, उन्हाळ्यात वाळूत झिरा खणून. महाडचं तळं बाबासाहेबांनी 1927 ला खुलं केलं, आणि इकडं आम्ही 1978 साली रेडिओ बांधायला नळ शोधत होतो.

गाव नामपूर, तालुका बागलाण. आम्ही चौदा-पंधराचे. पुस्तक आठवड्याच्या बाजारात रद्दीतून उचललेलं. वरची पानं फाटलेली, त्यामुळं लेखक कोण ते आजतागायत कळलं नाही. भला माणूस असणार. त्यानं बिनसेलचा रेडिओ कसा करायचा ते चित्रं काढून समजावलं होतं. तांब्याच्या तारेचं वेटोळं, एक कंडेन्सर, एक जर्मेनियमचा डायोड आणि कानात घालायचा इअरफोन. बस्स. हवेतून येणाऱ्या लाटेतच जी काय शक्ती असते तिच्यावर तो बोलतो. सेल नको, लाईट नको. आमच्या वस्तीत लाईट नव्हतीच. तेव्हा हा रेडिओ आपल्यासाठीच काढलाय असं आम्हाला वाटलं.

तार मिळाली मोटारी भरणाऱ्याकडून. बागलाणात विहिरीवर मोटारी फार, जळतात पण फार. जळकी तार आम्ही आधी आणली, तिचं वरचं रोगण उडालेलं, वेटोळं आतल्या आत चिकटायचं. मग नव्या तारेची उरलेली टोकं मागून मागून गोळा केली. डायोड नि इअरफोन मात्र विकत. माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची. इअरफोन म्हणजे तिची दोन दिवसांची मजुरी. तिनं पैसे दिले आणि म्हणाली, बापाला सांगू नको.

बाप मालेगावला मागावर. शुक्रवारी माग बंद, म्हणून गुरुवारी रात्री यायचा, कानात कापूस तसाच. त्यानं एकदा तारांचा पसारा बघितला. "कसाले करी ऱ्हायना रे हाई? पोट भरी का?" एवढंच बोलला. मारलं नाही. मारलं असतं तर बरं, असं वाटलं.

बाकीचा माल आम्ही झाडून मिळवला. झाडून म्हणजे खरोखर झाडून. बाजारपेठेत एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मालक आम्हाला टेबलापाशी येऊ देत नव्हता, पण झाडू दिला. दिला कशाला, तो आमच्याच हातात असणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. आम्ही कुरकुर केली नाही, कारण त्याच्या केरात संपत्ती होती. सोल्डरचे मणी, पाय तुटलेले रेझिस्टन्स, कधी एखादा कंडेन्सर. केर टाकायच्या आधी आम्ही तो चाळायचो, बायका तांदूळ निवडतात तसा. रेझिस्टन्सवर रंगांचे पट्टे असतात, त्यांचा हिशेब मालकानंच सांगितला, टेबलाच्या पलीकडून. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. बाकीचे पाठ करावे लागले. निळा नि सहा मात्र एकदम डोक्यात बसलं, सहा डिसेंबरमुळं.

रेडिओ बांधला. अर्थसाठी लोखंडी कांब मोसमच्या ओल्या वाळूत ठोकली, कडुनिंबावरून एरियल ओढली. बोलला नाही. तीन दिवस उलटसुलट जोडण्या करून बघितल्या. आपणच ढ, असं ठरवून टाकलं. आपल्यातली पोरं हे फार लवकर ठरवतात.

खरं कारण मला आयटीआयला गेल्यावर कळलं. बिनसेलचा रेडिओ जवळपास जोरदार केंद्र असेल तर बोलतो. आमच्या बाजूला आकाशवाणीचं जळगाव केंद्र, तेही 1976 ला सुरू झालेलं, सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. एवढ्या लांबून येईस्तोवर लाटेत कान हलवायची ताकद उरत नाही. पुस्तकातला रेडिओ मुंबई-पुण्याचा होता. तिथं केंद्र पण जवळ, नळ पण जवळ.

मावसभावानं हार खाल्ली नाही. त्यानं भंगारातला एक मेलेला ट्रान्झिस्टर पैदा केला, त्यातले दोन ट्रान्झिस्टर चुलीत तापवलेल्या तांब्याच्या सळईनं उपटले आणि डायोडच्या पुढं जोडले. आता सेल लागणार. लोकांनी टॉर्चमधून काढून फेकलेले सेल उन्हात तापवले की पाऊण तास चालतात. रात्री मीडियम वेव्ह लांबवर जाते, कारण दिवसा उन्हामुळं आकाशात जो थर लाटा गिळतो तो सूर्य मावळला की विरतो, आणि लाटा वरच्या थरावर आपटून दूर उतरतात. हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही रात्री बसायचो ते दिवसा मजुरी असायची म्हणून. एका रात्री तो ताडकन उठला. "बोलस रे! बोलस!"

त्या काळी रेडिओला पोस्टात फी भरून लायसन काढावं लागे. 1980 च्या दशकात ती अट गेली. आमचं कुठलं लायसन? पोस्टमन वस्तीकडं वळला की आम्ही सगळं कणगीत लपवायचो.

27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. पेपर गावात आला असेल, आमच्यापर्यंत नाही पोचला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, बाप घरीच. संध्याकाळच्या बातम्यांत मावसभावानं ते ऐकलं आणि ओरडला. बापानं इअरफोन ओढून आपल्या कानात घातला. मागाच्या खडखडाटानं गेलेला कान तो, त्याला काय ऐकू आलं असेल देव जाणे, म्हणजे कुणीच जाणत नाही. पण त्यानं तो बराच वेळ काढला नाही. पुढच्या गुरुवारी दोन नवे सेल चुलीजवळ ठेवलेले होते. कुणी ठेवले ते कुणी बोललं नाही.

तोवर मराठवाडा पेटला होता. रोज संध्याकाळी माणसं आमच्या दाराशी. इअरफोन एक, ऐकणारा एक. मावसभाऊ ऐकून मोठ्यानं सांगायचा, आणि लोक मध्येच 'पुढं? पुढं?' करायचे की पुढचं बुडायचं. नांदेडकडं पोचिराम कांबळे मारले गेले, ते नाव पत्रकांतून कळलं. कानात आली ती फक्त जाळपोळ, संचारबंदी. माझ्या एका चुलत आत्याची लेक कन्नडकडं दिलेली. आत्या रोज यायची, रोज एकच विचारायची, "कन्नडचं नाव घेतलं का रे?"

एका रात्री विजा होत्या. नुसती खरखर. तो पंधरा मिनिटं इअरफोन दाबून बसला, मग म्हणाला, "नाही घेतलं, आत्या." ती गेल्यावर मला म्हणाला, काहीच ऐकू आलं नाही. दोन आठवड्यांनी लेकीचं पत्र आलं, जिवंत आहोत म्हणून. पण त्या दोन आठवड्यांत तो जेवला नाही धड.

मी पुढं राखीव जागेवर आयटीआय केलं. बाबासाहेब 1942 ते 46 व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचं धोरण त्यांच्याकडं होतं, कारागिरांच्या तांत्रिक शिक्षणाची योजनाही. आपण जयंतीला त्यांचं संविधान सांगतो, ही बाजू क्वचित. मावसभावाची दहावी झाली आणि त्याचा बाप वारला. तो मालेगावला मागावर गेला. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला तेव्हा मी त्याला सांगायला गेलो. बातमी दोनदा ओरडून सांगावी लागली.

दोस्तांनो, तुमच्यातले काही वस्तीत वाचनालय काढताय. काढा. कपाटाशेजारी एक टेबल ठेवा. त्यावर एक सोल्डरिंग आयर्न, एक मल्टिमीटर, दोन-चार बंद पडलेले मोबाईल. सगळं मिळून एका जयंतीच्या डीजेच्या भाड्याहून स्वस्त पडेल. आणि पोरांना टेबलाच्या अलीकडं उभं करा.

मागच्या दिवाळीत मावसभावाचा नातू माझ्याकडं आला होता. ब्लूटूथचा स्पीकर स्वतः जोडतो, पार्टसाठी आईकडून पैसे नेतो, बापाला सांगत नाही. ते फाटकं पुस्तक चाळताना थांबला. एका ओळीतलं 'नळाला' काट मारून वर पेन्सिलीनं 'नदीला' लिहिलेलं. अक्षर त्याच्या आजोबाचं. मला म्हणाला, हे चुकीचं आहे का?