ग्वालिंतोचे नाव

चिकानो कादंबरीविषयी लिहिताना ‘सीमा’ हा शब्द समीक्षेत इतका सैलपणे वापरला जातो, की त्या रूपकामागे एक खरी नदी आहे आणि तिच्या काठी माणसे मारली गेली आहेत, याचा विसर पडावा. १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गो तहाने मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा प्रदेश अमेरिकेकडे गेला आणि रिओ ग्रँड ही टेक्ससची हद्द ठरली. उत्तर तीरावरची कुटुंबे जागची हलली नव्हती. हद्द तेवढी त्यांची घरे ओलांडून दक्षिणेला सरकली.

आमेरिको पारेदेस यांची ‘जॉर्ज वॉशिंग्टन गोमेझ’ या दृष्टीने पुन्हा वाचावी अशी कादंबरी आहे. १९३६ ते १९४० या काळात लिहिलेली ही संहिता प्रसिद्ध झाली १९९० मध्ये. तोवर तोमास रिवेरा, रुदोल्फो अनाया, रोलांदो इनोहोसा यांच्या सत्तरीच्या दशकातील लेखनापासूनच चिकानो कादंबरीचा आरंभ मोजण्याची सवय जडलेली होती.

१९१५ च्या सीमेवरील उठावाच्या धामधुमीत जन्मलेल्या मुलाला बाप अमेरिकेच्या थोर पुरुषाचे नाव देतो. आजीच्या जिभेवर ‘वॉशिंग्टन’ वळत नाही; त्याचे ‘ग्वालिंतो’ होते आणि तेच रूढ होते. नामकरणाच्या या लहानशा प्रसंगात पारेदेस यांनी वसाहतीकरण आणि त्याला नकळत होणारा विरोध एकाच शब्दात बांधला आहे. पुढे टेक्सस रेंजर्स बापाला ठार मारतात. आपण कसे मेलो हे मुलाला कळू नये, त्याने द्वेषाविना वाढावे, ही त्याची अखेरची इच्छा. स्वतः बंडखोरांत असलेला मामा फेलिसियानो वर्षानुवर्षे मौन पाळतो, कष्ट उपसतो, भाच्याला शिकवतो.

हा भाचा अखेरीस जॉर्ज जी. गोमेझ होऊन, एका माजी रेंजरच्या मुलीशी लग्न करून, अमेरिकी लष्कराचा हेर म्हणून गावी परततो. त्याला फितूर ठरवणे सोपे आहे, आणि बरेचसे वाचन तेथेच थांबते. कादंबरीचा अवघड प्रश्न मात्र मौनाचा आहे. द्वेष नको म्हणून स्मृतीच नाकारली, तर ती रिकामी जागा कोण भरणार? शाळा भरते. ग्लोरिया आन्साल्दुआ यांनी १९८७ मध्ये सीमेवरील संमिश्र जाणिवेला नव्या सर्जनाची भूमी मानले. त्या मांडणीचे मोल मोठेच आहे. पण दोन्ही भाषा जाणणारा माणूस सत्तेलाही तितकाच उपयोगी पडतो, हे पारेदेस यांनी जवळजवळ अर्धशतक आधी ओळखले होते.

तरीही जॉर्जचे रूपांतर पुरे होत नाही. बालपणी रंगवलेले एक दिवास्वप्न आता झोपेत परतते. त्यात १८३६ ची सान हासिंतोची लढाई पुन्हा जुंपते, तो मेक्सिकोच्या बाजूने लढतो आणि जिंकतो. जागा झाल्यावर त्याला त्याचा संताप येतो.