धक्क्याची सवय

"कोयनेच्या पोरांना भूकंपाचं भय नसतं," असं बाहेरगावचे पाहुणे कौतुकाने म्हणतात. मला ते पटत नाही. भय असतंच. ते घेऊन कसं वावरायचं, हे पोरं हळूहळू शिकतात.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मोठा भूकंप झाला, तेव्हा मी सोळा वर्षांची होते. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आमचं घर पडलं, ऐन थंडीत उघड्यावर आलो. माझ्या पाठचा भाऊ त्यानंतर कित्येक दिवस धड बोलला नाही. लोक म्हणायचे, "पोरगा धीट हो, रडलासुद्धा नाही!" कसला धीट, गोठला होता बिचारा. आई त्याला रोज पाण्याच्या खेपा घालायला लावायची. एका रात्री ती सहज म्हणाली, "मला बाई अजून भीती वाटते." त्यावर तो हमसून रडला, आणि मग बोलू लागला.

पुढे मी इथेच शिक्षिका झाले. छोटे धक्के तर कोयनानगरच्या पाचवीलाच पुजलेले. वर्गात हादरा बसला की पाचवीची मुलं आधी माझ्या चेहऱ्याकडे बघत. आठवी-नववीची मोठमोठ्याने हसत, तीही भीतीच. दहावीच्या काही मुली मात्र न सांगता लहानांचे हात धरून त्यांना मैदानात नेत.

शास्त्र सांगतं, की भावना उसळवणारा मेंदूचा भाग आधी जोर धरतो आणि त्यांना आवरणारा, कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत तयार होत राहतो. म्हणजे घोडा उधळलेला आणि स्वार शिकाऊ! तोवर मोठ्यांनी जवळ असावं, पण लगाम हिसकावून घेऊ नये.

सध्या पुण्यात माझ्या नातीचं मैत्रिणीशी बिनसलंय. दहावीचं वर्ष, आणि चार दिवस खोलीचं दार बंद. मुलगा म्हणाला, "आई, त्या मैत्रिणीच्या घरी फोन करू का?" म्हटलं, नको रे. तू तिला जेवायला हाक मार, आणि तुझं कधी कुणाशी बिनसलं होतं ते सांग. मात्र झोप-जेवण तुटलं, असेच आठवडे गेले, तर डॉक्टरकडे न्यायला लाजू नकोस. १९६७ साली आम्हाला हे सांगणारं कुणी नव्हतं.

असो. दार अजून पुरतं उघडलेलं नाही. पण काल जेवताना तिने विचारलं म्हणे, "बाबा, मग तू परत बोललास का त्याच्याशी?"